संत्र्याच्या पेटीची मोटार

आमच्या घरी एक मोटार आहे आणि ती चालत नाही, हे बाभुळगावात कोणालाही विचारा, सांगेल. दोन माणसांची, वरून उघडी, लांब नाकाची, विलायती मोटार. दोनच माणसं बसतात म्हणजे ती संसारी माणसाच्या कामाची नाही, हे मला लग्न होऊन आले त्या आठवड्यातच कळलं होतं. आमच्या ह्यांना ते अजून कळायचं आहे.

ती माझ्या सासऱ्यांनी घेतलेली. त्यांना आम्ही सगळे मामंजी म्हणायचो. मामंजी जंगलाचे ठेकेदार. साग तोडायचा, डेपोत रचायचा, लिलावात विकायचा, हा त्यांचा धंदा. त्यांच्याकडे ट्रक होते, पण ट्रकमध्ये बसून रुबाब करता येत नाही. राजूरच्या कोळशाच्या खाणीवरचा एक साहेब देश सोडून चालला होता, त्याच्याकडून त्यांनी ही मोटार घेतली आणि वणीहून बाभुळगावापर्यंत स्वतः चालवत आणली. वाटेत प्रत्येक गावात थांबून पाणी प्यायले म्हणतात. तहान लागली म्हणून नव्हे, लोकांनी बघावं म्हणून.

आमचे हे यवतमाळच्या कोर्टात कारकून होते. निवृत्त झाल्यावर लोक देवळात जातात, नातवंडं खेळवतात, निदान बीपी तरी मोजतात. ह्यांनी ताडपत्री काढली आणि मोटारीसमोर स्टूल टाकून बसले. कंपनीनं जशी बनवली होती तशीच ती पुन्हा उभी करायची, एक खिळाही वेगळा नको, असा त्यांचा पण. नागपूरला जुन्या मोटारींचा मेळा भरतो, तिथं नेऊन उभी करायची. मी म्हटलं, आधी दारातून बाहेर तर काढा.

कंपनीनं कशी बनवली हे कळायचं कसं? कंपनी कधीच बुडाली. मग ह्यांना इंटरनेटवर एक जुनी फिल्म सापडली. काळी-पांढरी, मुकी, त्याच कारखान्यात काढलेली. त्यात आमच्याच जातीची मोटार तयार होताना दिसते. सांगाड्यावर इंजिन उतरतं, बाया चामड्याच्या गाद्या शिवतात, एक म्हातारा ब्रश घेऊन श्वास रोखून मोटारीच्या अंगावर बारीक रेघ ओढतो. ती फिल्म आमच्याकडे उन्हाळाभर चालू होती. कूलरचा आवाज, त्यात ही मुकी माणसं, आणि समोर हे, एक पाय खुर्चीवर घेऊन. जेवायला वाढलं तरी नजर पडद्यावर. वरणात भाकर बुडवायची तर पाण्यात बुडवायचे.

मी विचारलं, रोज तेच काय पाहता. तर म्हणाले, हा पुरावा आहे. कोर्टात आयुष्य गेलेलं, त्यांना चहात साखर कमी आहे हे सांगायलाही पुरावा लागतो.

आता इथं मला मोटारीचं दार उघडून तुम्हाला आतली गोष्ट सांगावी लागेल, कारण सगळं घोडं त्या दारापाशीच अडलं होतं.

मोटार घेतल्यावर काही दिवसांनी डेपोच्या फाटकात कापसानं भरलेली एक बंडी, म्हणजे बैलगाडी, मागे सरकली आणि तिच्या चाकाबाहेर आलेला धुरा मोटारीच्या डाव्या दारात घुसला. त्या वेळी बसस्टँडजवळ एक मिस्त्री होते. पत्रा ठोकण्यात त्यांचा हात असा की चेपलेला पत्रा ते लाकडी हातोड्यानं, रेतीच्या पोत्यावर ठेवून, हळूहळू परत वळणावर आणत. मामंजींनी मोटार त्यांच्याकडे दिली. दार सुरेख होऊन आलं. मामंजींनी गावभर दाखवलं. मग दोन-तीन पावसाळे गेले आणि दार खाली बसायला लागलं. मामंजींनी आतलं अस्तर काढायला लावलं, आणि आत काय, तर लाकूड. पत्र्याच्या मागं पूर्ण लाकडाची चौकट, पांढुरकी, पाण्यानं कुजलेली.

मामंजींना लाकडाचं वेड नव्हतं, घमेंड होती. साग, तिवस, धावडा, हळदू, बिजा, शिवण, नुसत्या वासावर ओळखत. डोळे बांधून ओळखायची पैज लावत आणि जिंकत. त्यांनी ते कुजलेलं लाकूड नाकाला लावलं आणि त्यांना ते ओळखता आलं नाही. आता असं झालं तर माणसानं म्हणावं, बाबा, हे लाकूड मला माहीत नाही. मामंजींच्या डोक्यात तो विचार शिरायला जागाच नव्हती. आपल्या जंगलात जे उगवत नाही ते लाकूडच नव्हे. मग पांढरं, हलकं, बिनवासाचं असं काय असतं? संत्र्याची पेटी. नागपूरहून संत्री येतात त्या पेटीच्या फळ्या. म्हणजे मिस्त्रीनं काय केलं? विलायती मोटारीतलं कंपनीचं लोखंड काढून विकलं आणि आत संत्र्याच्या पेट्या ठोकल्या. निकाल लागला, अपील नाही.

मिस्त्री म्हणाले, ठेकेदारसाहेब, लाकूड आधीपासून होतं. मामंजी म्हणाले, मोटार आहे की बैलांची दमणी? विलायतेत लोखंड संपलं होतं काय? डेपोतले हमालही हसले. मलाही कोणी नुसतं सांगितलं असतं की मोटारीच्या आत लाकूड असतं, तर मीही मानलं नसतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण पुढं पोळा आला.

पोळ्याला आमच्याकडे झडत्या म्हणतात. बैल सजवून तोरणाखाली उभे असतात, आणि तोरण तुटायच्या आधी एकेक जण पुढं येऊन मोठ्या आवाजात चार ओळी फेकतो. कोणाची कंजुषी, कोणाची भानगड, कोणाचा पडलेला सरपंच. शेवटी सगळे मिळून महादेवाचा गजर करतात. झडतीचा राग धरायचा नाही ही रीत. उत्तर द्यायचं तर झडतीनंच द्यायचं, तेही तिथंच, आणि ज्याची जोडी तोरणाखाली उभी आहे त्यानंच. त्या वर्षी मामंजींची मर्जी राखायला गावातल्या एका वात्रटानं झडती म्हटली:

पेटी रे पेटी, संत्र्याची पेटी,
शेठची मोटार गेली मिस्त्रीच्या भेटी,
लोखंड काढलं, लाकूड जोडलं,
दार लावता लावता कंबरडं मोडलं.

हर हर महादेव. सगळं मैदान हसलं. मामंजींनी त्या वात्रटाला स्वतःच्या डोक्यावरचा फेटा काढून दिला. मिस्त्री मैदानाच्या कडेला उभे होते म्हणतात. मुसलमान माणूस, शेत नाही, बैल नाहीत, उत्तर द्यायला जागाच नाही. त्या दिवसापासून ते 'संत्रेवाले' झाले. पोरं गॅरेजसमोरून जाताना विचारत, संत्री आली काय. काही वर्षांनी त्यांनी बिऱ्हाड हलवलं आणि यवतमाळजवळ लोहाऱ्याला, एमआयडीसीच्या बाजूला दुकान टाकलं. पण माणसाला एसटी मिळायच्या आधी त्याची बदनामी पुढच्या गावी उतरलेली असते. लोहाऱ्यालाही ते संत्रेवाले. त्यांच्या मुलानं दुकान मोठं केलं, पाटीवर दुसरंच नाव रंगवलं, तरी लोक पत्ता सांगतात तो 'संत्रा गॅरेजपासून डावीकडे' असाच.

मी ही झडती लग्नानंतरच्या पहिल्याच पोळ्याला ऐकली. तोवर ती नेहमीची झाली होती, दर वर्षी कोणीतरी म्हणायचंच. मला अर्थ विचारावा लागला, आणि मामंजींनी मला मोटारीजवळ नेऊन, दारात बोट घालून सगळी हकिकत ऐकवली. नव्या सुनेला लोक देव दाखवतात.

तर आता आमच्या ह्यांना तेच दार नव्यानं बसवायचं होतं आणि पत्रा हातानं ठोकणारा माणूस हवा होता. आजकालचे सगळे नुसती पुट्टी थापतात. हातानं काम करणारा या भागात एकच उरला होता, लोहाऱ्याचा मिस्त्री, म्हणजे संत्रेवाल्यांचा मुलगा. ह्यांनी निरोप पाठवला. निरोप परत आला: तुमच्या घरची मोटार सोडून बाकी काहीही आणा, बैलगाडीही करून देईन.

हे दोन दिवस फुगून बसले. म्हणाले, चोरी बापानं केली आणि रुसतो मुलगा. आणि पुन्हा फिल्म लावली.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. शाळेत इन्स्पेक्शन असलं की आम्ही भिंतीवर चित्रं लावायचो, दाराला आंब्याची पानं, पोरांच्या केसाला तेल. सगळी खरी शाळा त्या दिवशी कपाटामागं कोंबलेली असायची. त्यामुळे कोणी काही हौसेनं दाखवायला लागलं की माझी नजर आपोआप कोपऱ्यात जाते. त्या दुपारी मी भाजी निवडत होते. पडद्यावर एक टाय लावलेला साहेब मोटारीच्या सांगाड्याकडे हात करून काही दाखवत होता, आणि आमचे हे त्याच्या हाताकडे बघत होते. मी त्या साहेबाच्या पायाखालच्या फरशीकडे बघत होते. मला ती झाडावीशी वाटत होती.

मी विचारलं, "हे खाली एवढे लाकडाचे छिलपे कशाचे पडले हो?"

हे म्हणाले, पॅकिंगचे असतील. मी म्हटलं, पॅकिंग उघडलं तर खोकी पडतात, छिलपे रंध्यानं पडतात. ठेकेदाराच्या पोराला हे मी सांगायचं? त्यांनी फिल्म मागं घेतली. साहेब पुन्हा आला, पुन्हा हात केला. त्याच्या पाठीमागं, धूसर, दोन माणसं एका बाकावर वाकलेली. एक रंधा मारत होता. दुसऱ्यानं वाकडं लाकूड उचललं, दुसऱ्या लाकडात दाताला दात बसवून जोडलं, आणि तो सांगाडा हातात धरून उभा केला. तो मोटारीच्या दाराचा सांगाडा होता. लहान पोरालाही ओळखता आला असता. नंतरच्या चित्रात त्यावर पत्रा चढलेला, आणि लाकूड गायब.

उन्हाळाभर ही फिल्म रोज पाहिली होती त्यांनी. लाकूड रोज समोर होतं. पण लाकूड म्हणजे चोरी हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं, तर डोळ्याला दिसणार कसं?

ह्यांनी लगेच हार मानली नाही. कोर्टातला माणूस. आधी म्हणाले, हे दुसरं मॉडेल असेल. मग म्हणाले, शूटिंगसाठी काहीतरी सुतारकाम दाखवलं असेल. मी म्हटलं, दाखवायचं असतं तर साहेबाच्या पुढं ठेवलं असतं, मागं कायले लपवलं असतं? ते उठले. भाजी तशीच ठेवून आम्ही दोघं मोटारीकडे गेलो. उन्हानं पत्रा तापला होता. डावं दार कुजलेलं, त्याचं काहीच कळत नव्हतं. मी म्हटलं, उजवं उघडा. उजव्या दाराला धुरा लागला नव्हता, मिस्त्रीच्या हाती ते कधी गेलंच नव्हतं.

ह्यांनी अस्तराचे खिळे हळूच काढले. आत तेच पांढुरकं लाकूड. तसाच दाताला दात. मामंजींनी डावं दार फोडून गाव जमवलं, पण उजवं उघडून पाहावं असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. खात्री असलेली माणसं दुसरं दार उघडत नाहीत.

हे मोटारीच्या पायरीवर बसले. मी काही टोमणा मारणार होते, तयारही होता, पण त्यांचा चेहरा पाहून राहू दिला. मला त्यांची दया आली. बापाची एवढी एकच गोष्ट त्यांना पूर्ण पाठ होती, दर पोळ्याला ऐकलेली, आणि ती खोटी निघाली. मग म्हणाले, "बाबा चुकले. मिस्त्री अजून जिवंत आहेत ना?"

मिस्त्री जिवंत होते. नव्वदीला टेकलेले, कानानं जवळजवळ बहिरे, पण जिवंत. आता प्रश्न मोटारीचा उरला नव्हता. तो माणूस संत्रेवाला म्हणूनच जाणार की काय, एवढाच प्रश्न होता, आणि त्याला फार वेळ नव्हता.

आम्ही दुसऱ्याच दिवशी सकाळी लोहाऱ्याला गेलो. दुकानात मुलगा, तोही आता साठीचा, एका ट्रॅक्टरच्या बोनेटवर वाकलेला. आम्हाला ओळखलं त्यानं. हात न पुसता विचारलं, आज काय आणलं, संत्री? एरवी वकिलांना वेळेवरून झापणारे हे माझ्याकडे बघू लागले. मग मीच म्हटलं, भाऊ, एक फिल्म आणली आहे, चाचांना दाखवायची आहे, पाहून झाल्यावर आम्हाला हाकलून द्यायचं असेल तर द्या. त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याची मुलगी माझ्या हाताखाली चित्रकला शिकली होती, हा त्या घरात माझा एकमेव वशिला. तो आत घेऊन गेला.

चाचा, म्हणजे म्हातारे मिस्त्री, खाटेवर बसले होते. पांढरी टोपी, स्वच्छ लुंगी, हाताची बोटं अजून जाड. फोनवर त्यांना दिसेना, म्हणून मुलानं फिल्म टीव्हीवर लावली. सूनबाईंनी चहा आणि नानखटाई ठेवली. आम्ही दोघं खुर्चीच्या कडेवर बसलो होतो, आरोपीसारखे. लाकडाचा भाग आला तेव्हा ह्यांनी टीव्हीजवळ जाऊन बोट लावलं, आणि चाचांच्या कानात ओरडून सांगितलं की चाचा, लाकूड कंपनीचंच होतं.

चाचांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं शिळी बातमी आणणाऱ्याकडे पाहतात.

"होतंच," ते म्हणाले. "मी तवाच सांगतलं होतं तुह्या बापाले."

बस. एवढंच. ह्यांनी रात्रभर मनात घोळवलेली माफी तशीच तोंडात राहिली. चाचांनी चहाचा घोट घेतला आणि शांतपणे पुढं पाहू लागले. मुलगा मात्र उठून दाराशी जाऊन पाठ फिरवून उभा राहिला. त्याचे खांदे मला दिसत होते. संत्री आली काय हे त्यानं शाळेत असल्यापासून ऐकलेलं होतं.

फिल्म पुढं चालली. त्यात रेघ ओढणारा म्हातारा येतो तो भाग आमच्या ह्यांचा लाडका. चाचा त्याच्याकडे पाहत नव्हते. एकदम त्यांनी कप खाली ठेवला आणि हात वर केला.

"रोक. पीछे ले."

मुलानं मागं घेतली. म्हातारा पुन्हा रेघ ओढू लागला. चाचा उठले, खाट धरून, टीव्हीशी गेले. पडद्याच्या अगदी कडेला, रेघवाल्याच्या मागं, एक पोरगेला कामगार मोटारीचं दार बसवत होता. दार लागत नव्हतं. त्यानं इकडं तिकडं पाहिलं, बिजागरीच्या बाजूला एक लाकडाचा ठोकळा अडकवला, दाराला गुडघा लावला आणि सगळा भार टाकून दार वाकवलं. मग ठोकळा काढला, दार लावलं. लागलं. तो तोंडातली सिगारेट न काढता पुढच्या मोटारीकडे गेला.

आमच्या ह्यांनी ते कधी पाहिलं नव्हतं. मीही नाही.

चाचांनी ते पुन्हा पाहिलं, आणि पुन्हा. मग हसायला लागले. आवाज न करता, पोट हलेपर्यंत हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. मुलगा घाबरून जवळ आला. चाचा खाटेवर बसले आणि मला म्हणाले, कारण बहुतेक त्यांना ह्यांना सांगायचं नव्हतं:

"बेटी, मी बी असंच केलतं. पत्रा ठोकला, वळण आणलं, पण दार काही लागून नाई राह्यलं. मले वाटे, कंपनीत मोठी मशीन असंन, बराबर मापानं बसवत असंन. आपल्यापाशी कुठची मशीन? मंग मी दुकानाले गोणपाट लावलं, कोणी पाहू नाई म्हणून, अन् गुडघा देल्ला. लागलं दार. ठेकेदारसाहेब खूश. पण मले ठाऊक ना, की मी विलायती मोटारीले गुडघा देल्ला."

मग म्हणाले, "झडती झाली तवा मी तिथंच उभा होतो. लाकडाचं खोटं होतं. पण मले वाटलं, गुडघ्याचं तर खरं हाये. अल्लानं मले भलत्या गुन्ह्यात पकडलं, पण चोर तं मी होतोच. म्हणून मी कोणाशी भांडलो नाई."

मुलगा खालीच बसला. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की आपला बाप भित्रा आहे. त्यानंच मला हे नंतर सांगितलं, मोटार दुरुस्तीला नेल्यावर. त्या दिवशी तो फक्त एवढंच म्हणाला की अब्बा, निदान मले तरी सांगायचं होतं. मी रडले. नानखटाई हातात होती, ती ओली झाली.

मोटार टेम्पोत घालून लोहाऱ्याला गेली. मुलानं पत्रा केला. लाकडासाठी आमच्या ह्यांनी विलायती लाकूड मागवायचा घाट घातला, कंपनीसारखं. चाचांनी ते उडवून लावलं. म्हणाले, ते पाण्यात टिकत नाई, तिवस लाव, बंडीच्या चाकाले लावते ते. ह्यांनी मेळ्यातले परीक्षक, पुरावा, मूळ स्वरूप वगैरे सांगून पाहिलं. चाचा बहिरे असल्याचा त्यांना अशा वेळी फार फायदा होतो. तिवस लागलं. मामंजी वरून पाहत असतील तर निदान ते लाकूड त्यांना वासावर ओळखता आलं असेल.

राहिली झडती. घरात माफी मागून भागणार नव्हतं, कारण बदनामी घरात झाली नव्हती. रीत सरळ होती: झडतीला उत्तर झडतीनंच, मैदानात, आणि जोडी उभी करून. बैल आमच्याकडेही आता नाहीत. मग मीच म्हटलं, मोठ्या पोळ्याला नाही तर तान्ह्या पोळ्याला जाऊ. दुसऱ्या दिवशी पोरं लाकडाचे बैल चाकांवर ओढत आणतात. आपली मोटार काय वेगळी आहे? आतून लाकूड, खाली चाकं. हे चिडले, आणि मग कबूलही झाले, कारण दुसरा उपाय नव्हता.

झडती ह्यांनी स्वतः लिहिली. पहिल्या खर्ड्यात 'सदरहू' आणि 'उपरोक्त' होतं. ते मी काढलं.

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी मैदानात पोरांची रांग लागली. झुली घातलेले, शिंगांना बेगड लावलेले लाकडी नंदी, कोणाचा मांजराएवढा, कोणाचा खऱ्या वासराएवढा. रांगेच्या शेवटी आमची मोटार, समोर झेंडूचा हार, स्टिअरिंगवर आमचे हे आणि शेजारी चाचा. मोटारीत दोनच माणसं बसतात हे त्या दिवशी प्रथमच मला बरोबर वाटलं. मी आणि चाचांचा मुलगा, मिस्त्रीभाऊ, मागून मोटार ढकलत पायी चालत होतो. लोक हसत होते. एका जाणत्या माणसानं सवयीनं विचारलंच, संत्री आली काय. मिस्त्रीभाऊ म्हणाला, थांबा, येऊन राह्यली.

हे मोटारीत उभे राहिले. घसा खाकरला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या साक्षी लिहिलेला माणूस, स्वतःची साक्ष द्यायला उभा होता. आवाज पहिल्या ओळीला फाटला, पण पुढं सावरला:

पेटी रे पेटी, रिकामी पेटी,
इतकी वर्षं म्हटली झडती खोटी,
लाकूड कंपनीचं, हुन्नर मिस्त्रीचा,
चुकला तो डोळा माझ्याच बापाचा.

बापाचं नाव असं मैदानात घेणं सोपं नाही, आणि ते सगळ्यांना कळलं. मग मागून कोणीतरी सुरू केलं आणि सगळ्या मैदानानं महादेवाचा गजर उचलला. ढोल वाजला. पोरांना काही कळलं नव्हतं, तीच सगळ्यात जोरात ओरडत होती.

चाचांना ऐकू आलं नव्हतं. त्यांनी मुलाला खुणेनं विचारलं, काय म्हणला. मुलगा वाकून त्यांच्या कानात सांगू लागला, चारही ओळी, सावकाश. चाचा मान हलवत होते. मग त्यांना उतरायचं होतं. मुलानं दार उघडलं, हात दिला, ते उतरले. दार लावायला गेले तर लागेना. नवं तिवस, पावसाची हवा, थोडं फुगलं असेल. मिस्त्रीभाऊ पुढं झाला, हे पण घाईनं उतरायला लागले.

चाचांनी दोघांना हातानं मागं सारलं. लुंगी वर खोचली. आमच्या पोळ्याच्या मैदानात, सगळ्या गावासमोर, त्यांनी एकदा चहूकडे नीट पाहून घेतलं, आणि दाराला गुडघा लावला.